बाई, काळी चार द्या

मी गणिताची बाई आहे. शाळेत माझ्या तासाला मुलं खोकलासुद्धा दाबून धरतात आणि माघारी मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. नवरा म्हणतो, तू लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखनही तपासतेस. तपासते, त्यात काय झालं? अशी मी एका माणसाच्या बाबतीत वर्षभर मूग गिळून बसले. नुसती बसले नाही, त्याला कळू नये म्हणून लबाडीही केली. ती कशी केली हे एकदा नीट मांडून ठेवायचं आहे.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. आता निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, कुडपणच्या पठारावरच्या एका वाडीतले. तरणेपणी महाडात आले, शाळेत लागले आणि तीस वर्षं घंटा दिली. ही घंटा अजून ऑफिससमोरच्या व्हरांड्यात साखळीने टांगलेली आहे. पितळेची जाड, परातीएवढी तबकडी, आणि शेजारी खिळ्याला लाकडी हातोडा. नव्या शिपायालाही तीच वाजवावी लागते, कारण विजेची बेल बसवली होती ती एका पावसाळ्यात बसली ती बसलीच.

शाळेत आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा, खडू आणा. मामा, नववी ब ला सांगा गप्प बसायला. गुरुवारी संध्याकाळी मात्र आमच्या आळीच्या देवळात भजन असायचं आणि तिथे मामा मधोमध बसून गायचे. पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा सवयीने मामा अशी हाक मारली. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "इथं बुवा." हसले नाहीत. मीही तेव्हापासून चुकले नाही.

पेटी त्यांनीच मला शिकवली. मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या पेटीवर. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात आणि त्या मोजायच्या असतात. गाणारा ज्या पट्टीवरून आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. बुवांची काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ती उंचच, आणि वरच्या सापर्यंत जायचं तर छाती लागते. बुवा ती पट्टी पितळी तबकडीवर शिकले होते. आपली घंटा काळी चारला वाजते, असं ते मुलांना सांगायचे आणि मुलं हसायची. मी एकदा पेटीवर ताडून बघितलं, मी गणिताची बाई, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. खरंच काळी चार होती.

मला त्यांनी शिकवलं तेही तेवढ्याच पट्टीतून. दुसऱ्या पट्टीतून वाजवायला बोटांची सगळी घडी बदलावी लागते. मी विचारलं तर म्हणाले, माझा गळा काळी चारचा, तुम्हाला बाकीच्या घेऊन काय लोणचं घालायचंय? मलाही ते बरंच वाटलं. तेवढा त्रास वाचला.

मग एका वर्षी सावित्रीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. आमच्याकडे पाणी शिरतं आणि उतरतं, माणसं फळ्यांवरचा चिखल खरवडतात आणि पुढे लागतात. पेटी मात्र गेली. तिचे सूर गंजले, भाता फुगून फाटला. बुवांनी ती अंगणात उन्हात ठेवली होती, आठ दिवस रोज पालथी-उताणी करत होते. नवव्या दिवशी बायकोने ती माळ्यावर टाकली.

माझ्या पुण्याच्या लेकीने तेव्हा मला कीबोर्ड दिला आणि तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पेटीचा आवाज काढणारं एक ॲप घालून दिलं. कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. तो फक्त कळवतो, की अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने. आवाज ॲप काढतं. पडद्यावर एक उभा रकाना असतो. मधोमध वाद्य, म्हणजे आपली पेटी. तिच्या खाली ऑडिओ इफेक्टचे खण. तिच्या वर मिडी इफेक्टचे खण, मिडी म्हणजे कीबोर्ड वाद्याला कळवतो तो निरोप. लेकीने फोनवर दोन तास घालवून मला हे समजावलं आणि शेवटी म्हणाली, आई, तू माझ्यावर ओरडू नकोस, मी तुझी विद्यार्थिनी नाही.

खालचे खण मला लगेच कळले. पेटीचा आवाज तयार झाल्यावर त्याला काय करायचं ते तिथे. घुमारा द्यायचा, कर्कशपणा काढायचा, लहानमोठा आवाज एकसारखा करायचा. आमचं देऊळ ठेंगणं आणि पत्र्याचं. थोडा घुमारा घातला तर मोठ्या सभामंडपात बसल्यासारखं वाटायचं. बुवा खूश होते. वरचे खण वेगळे. तिथे आवाज व्हायच्या आधीच गोष्ट घडते. तुम्ही एक पट्टी दाबलीत आणि वरच्या खणाला वाटलं, तर तो वाद्याला भलतीच पट्टी कळवतो. किंवा एकाच्या तीन कळवतो. वाद्य बिचारं सांगितलं ते वाजवतं.

एका गुरुवारी माझा अंगठा चुकून कीबोर्डवरच्या एका बटणाला लागला आणि वरच्या खणातलं एक चालू झालं. मी तीन पट्ट्या एकदम दाबून धरल्या होत्या. त्या एकामागून एक, वरखाली, धावत सुटल्या. ऐन अभंगात हळदीचा डीजे! मृदंगवाल्याला मजा आली, त्याने तो ठेका पकडलासुद्धा. बुवा थांबले, मला ते बंद करता येईपर्यंत डोळे मिटून बसून राहिले. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

चहाच्या वेळी त्यांनी मला हे काय होतं ते विचारलं. मी पडदा दाखवून वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं, खालचे खण, वरचे खण. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे खालचं नटवतं नि वरचं फसवतं. खालचं चालंल, बाई. वरच्याला हात लावू नका." मी बरं म्हटलं. तोंड भरून बरं म्हटलं.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका गुरुवारी वरच्या सावर बुवांचा आवाज फाटला. एकदा नाही, दोनदा. भजनात असं होतं, टाळ-मृदंगात झाकूनही जातं, पण त्या दिवशी सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. मृदंगवाल्याने हात जोरात चालवला. बुवा पाणी प्यायले, शेवटपर्यंत गायले, आणि चहा न घेता घरी गेले. चहा न घेता ते कधी गेले नव्हते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सांगायचं कुणी? मंडळातल्या कुणाची छाती होती? आणि मी, जिला चूक दिसली की कंड सुटते, मीही गप्प. शाळेत तीस वर्षं ज्यांना आम्ही पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं, त्यांना आठवड्यातून एकदा मान उंच करून बसायला मिळतं, तिथे जाऊन मी म्हणू, बुवा, तुमची पट्टी आता झेपत नाही? मला ते जमेना.

पुढच्या गुरुवारी मी वरच्या खणात ट्रान्सपोझर घातला. तो एवढंच करतो, की तुम्ही दाबाल त्या पट्टीच्या सांगाल तितकी घरं खाली किंवा वर आवाज काढतो. मी उणे एक केलं. बुवा नेहमीसारखे म्हणाले, बाई, काळी चार द्या. मी काळी चार दाबली, त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, आणि आवाज आला पांढरी पाचचा. मृदंगवाल्याने कानाने सूर जुळवून घेतला. त्याला मृदंग सुराशी मिळाला की झालं, आकडा तो विचारत नाही. बुवा गायले आणि वरचा सा लागला. चहा पिताना म्हणाले, गळा आज बरा हाय.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. परीक्षेत दोन गुणांनी गचकणाऱ्या पोराला आम्ही ग्रेसचे गुण देतो, तसं वाटलं. पोराला त्यामुळे वरच्या वर्गात बसता येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. हिवाळा सरल्यावर मी उणे दोन केलं. गणपतीनंतर उणे तीन. बोटं तीच, काळी चारची, जशी मला येत होती तशी. माझीही सोय होत होती, हे मी तेव्हा मनाशी कबूल केलं नाही. आता करते.

मधूनमधून ते गायला बसताना डोकं एका अंगाला कलतं करायचे आणि डावा कान हाताने झाकून बघायचे. मला वाटलं, वय झालं की गवयांच्या काही लकबी होतात. उणे तीन झाल्यावर तर अधूनमधून माझ्या बोटाकडे दोनदोनदा बघायचे. तेही मला प्रेमाचंच वाटलं. माणूस स्वतःवर खूश असला की त्याला काहीही दिसत नाही.

मग ते यायचे थांबले. एक गुरुवार, दोन, तीन. निरोप आला, गुडघे दुखतात. चौथ्या गुरुवारी मंडळाला निरोप आला, की दुसरा बुवा बघा. त्यांच्या वाडीचा सप्ताह महिन्यावर आला होता, आणि तिथे काल्याच्या आदल्या दिवशीचं भजन त्यांचं, ते तरुण असल्यापासूनचं. तिथेही त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं. वाडीतली माणसं फोन करून थकली.

मी त्यांच्या घरी गेले. बायकोने चहा टाकला आणि मला हळूच सांगितलं की गुडघ्याचं काही नाही, ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेत. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने उत्तम आहे. आणि हे घरी येऊन म्हणाले, वयाच्या मानाने, म्हणजे गेलाच. बुवा आतून आले, माझ्यासमोर बसले. आधी इकडचं तिकडचं झालं. मग ते आपणहूनच बोलले.

"बाई, कान गेला माझा. साळंची घंटा इथवर येते. रोज ऐकतो, काळी चार. ती काय बदलनार हाय? पितळ हाय ते. नि गुरवारी तुमी काळी चार देता ती मला खालची लागते. आधी थोडी, आता लई खाली. बोट बगतो तर बोट बरोबर. मंग चुकतंय कोन?"

मी म्हटलं, कीबोर्डचं काही बिघडलं असेल.

"तुमी हाय ना वाजवायला," ते म्हणाले. "तुमी खोटं कशाला वाजवाल?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चहा अर्धा ठेवून शाळेचे पेपर तपासायचेत म्हणून उठले आणि बाजारपेठेतून घरी येईपर्यंत मला कुणाकुणाचा नमस्कार घेता आला नाही.

दोन दिवस माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बुवांवर राग आला, की एवढं ऐकू येत होतं तर तोंडाने बोलायला काय झालं होतं? लेकीवर राग आला, हे ॲप दिलं म्हणून. घंटेवरसुद्धा आला. रोज सकाळी तिच्याखालून जाते मी, रोज पाच-सहा वेळा ती माझ्या डोक्यावर वाजते, आणि एकदाही मला आठवू नये की ती काळी चारची आहे? त्यांचा गळा मी वाचवला होता आणि कान काढून घेतला होता. गळा उतरला तर माणूस खाली गाऊ शकतो. कानावरचा विश्वास गेला तर त्याने कशाच्या जिवावर तोंड उघडायचं? हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी विसळताना कळलं आणि मी तिथेच रडले.

शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर मी बुवांना बोलावून घेतलं, त्यांना वाटलं पेन्शनच्या कागदाचं काही असेल. व्हरांड्यात घंटेखाली बाक ओढून मी कीबोर्ड आणि लॅपटॉप मांडला होता, ऑफिसातून वायर घेतली होती. मी त्यांना त्यांच्याच जुन्या स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, बुवा, बोलू नका, आधी ऐका.

ट्रान्सपोझर शून्यावर आणून काळी चार दाबली. दुसऱ्या हाताने हातोडा घेऊन घंटा दिली. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. बुवांची मान ताठ झाली. मग मी पडदा त्यांच्याकडे वळवला, त्यांच्या डोळ्यांदेखत उणे तीन केलं आणि तीच पट्टी दाबली. पुन्हा घंटा दिली. ते इतकं वाईट ऐकू आलं की छपरातली कबुतरं उडाली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

"वरच्याला हात लावलाय मी," मी म्हटलं. "वर्ष झालं. तुमचा कान बरोबर होता."

त्यांनी मला ते पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. मग उठले, माझ्या हातातून हातोडा घेतला, स्वतः घंटा दिली आणि तिच्याबरोबर गुणगुणत सा धरला. तिथून वर चढले. वरचा सा फाटला. रिकाम्या शाळेत तो चांगलाच फाटला. ते थांबले, तबकडीवर तळवा ठेवून तिचा आवाज बंद केला.

"गळा गेला," ते म्हणाले. "कान हाय."

आणि स्टुलावर बसून रडले. मीही रडले, पण माझं रडणं त्यांनी मनावर घेतलं नाही, ते बरंच झालं. नंतर ते चिडले. आवाज न चढवता चिडले, ते जास्त लागलं. गळा सगळ्यांचा उतरतो, म्हणाले, माझ्या गुरूचाही उतरला होता, त्यात लाज कसली? पण बायकोला हाक मारली तरी मला वाटायचं ती वेगळीच ऐकू आली असेल. नातवंडाला सूर लावून दाखवायचा मी सोडला. वर्षभर मी माझ्या कानाला शिव्या घातल्या नि कान बिचारा खरं सांगत होता. मी माफी मागितली. या शाळेत मी कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी असू द्या वगैरे काही म्हटलं नाही. टोपी घातली, गुरवारी बगू म्हणाले आणि निघून गेले.

त्या आठवड्यात मी लॅपटॉप उघडला नाही. गुरुवारी देवळात जाऊन मांडामांड केली, पण जीव टांगणीला लागला होता. सगळे जमले. मृदंगवाला पुड्यावर हात मारत बसला होता. भजन सुरू व्हायच्या वेळेला बुवा आले, चपला काढल्या आणि सगळ्यांमधून वाट काढत आपल्या जागेवर बसले. कुणी गुडघ्यांची चौकशी केली, त्यांनी मान हलवली.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काळी चार आता माझी नाय. बाई, पांढरी चार द्या."

माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. उणे तीन केलं की झालं, बोटं जुनीच. बुवांनी नुसता हात आडवा केला. "वरचं नको. बोटानं द्या."

मी पांढरी चार दाबली. एवढं जमलं. पण अभंग सुरू झाला आणि माझी बोटं आंधळी झाली. ज्या जागी काळी पट्टी असायची तिथे पांढरी, जिथे पांढरी तिथे काळी. पहिल्याच ओळीत मी एक सूर चुकले, मग त्याच्या शेजारचा. खालच्या खणातल्या घुमाऱ्याने माझी चूक देवळाच्या पत्र्यापर्यंत नेली. मागे बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने माझ्याकडे बघितलेलं मला दिसलं. अठ्ठावीस वर्षं चुका काढल्या, चुकताना लोकांसमोर बसायचं कसं ते मला येत नव्हतं.

बुवा पुढच्या ओळीवर गेले नाहीत. तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली, सावकाश, माझ्या बोटांना सापडेल अशी. मंडळाने ती मागून म्हटली. मी पुन्हा चुकले. त्यांनी पुन्हा घेतली. मृदंगवाल्याने लय ओढली. वरचा सा येत होता तिथे त्यांचा आवाज सहज, भरून लागत होता, आणि मी त्याच्याखाली चाचपडत होते. चौथ्यांदा मला ती ओळ सापडली, तेव्हा कुठे ते पुढे सरकले. चारही वेळा ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत गायले, म्हणजे ते कुणासाठी थांबलेत हे मला कळावं.